इंजिनाची नाडी : तेलाचा दाब आणि जुन्या मोटारीचे आवाज



मोटारगाडी ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं; परंतु जुनी मोटारगाडी नीट सांभाळणें ही गोष्ट अद्यापि थोडक्यांनाच साधते. नांदेड व लातूर या दोन शहरांतील कित्येक घरांच्या दाराशीं वडिलांच्या हातची जीप, आजोबांची अँबॅसडर किंवा एखादी प्रीमियर पद्मिनी अजूनहि उभी असते. ती विकूं म्हटलें तर मोल येत नाहीं, आणि मोडींत काढूं म्हटलें तर मन होत नाहीं. अशा गाडीच्या मालकास एके दिवशीं दोन गोष्टी आढळतात. समोरच्या फळीवरील तेलाच्या दाबाचा कांटा नेहमींच्या जागेवरून खालीं घसरलेला दिसतो, आणि इंजिनांतून पूर्वीं नसलेला एक ठोका ऐकूं येतो. मग शेजारीपाजारी सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो, "इंजिन संपलें, सगळें बांधून घ्या." कोणी म्हणतो, "जाड तेल घाला, आपोआप बसेल." पहिला सल्ला कधीं कधीं खिशाला विनाकारण जड जातो, दुसरा इंजिनाचा जीव घेतो. खरें निदान या दोहोंच्या मध्यें असतें, आणि तें पायरीपायरीनें कसें करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्या भागाला रस्त्यावरील वाहनाचें अगत्य पूर्वीपासूनच विशेष. नांदेडास आलेली रेल्वे गोदावरीच्या खोऱ्यांतून जाणारी, मीटर मापाच्या रुळांची होती. लातुरास १९११ सालीं पोंचलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फूट मापाची होती. दोन शेजारच्या बाजारपेठा, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चालणें शक्य नव्हतें. पुढें १९३२ सालीं निजाम स्टेट रेल्वेनें २७ बसगाड्या व १६६ नोकर एवढ्या सामग्रीवर हैदराबाद संस्थानांत मोटारवाहतूक सुरू केली. आज रूळ रुंद झाले आहेत, रस्तेहि पुष्कळ सुधारले आहेत. तरी लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड हा बालाघाटाच्या चढउतारांचा रस्ता वैशाखांत जुन्या इंजिनाची परीक्षा पाहतोच. पारा चाळीस अंशांच्या वर चढलेला असतो, काळ्या मातीची बारीक धूळ हवेंत असते, आणि बाजाराच्या गर्दींत गाडीला पुष्कळ वेळ जागच्या जागीं धडधडत उभें राहावें लागतें. तेलाच्या दाबाचें दुखणें बहुधा अशाच वेळीं उघडकीस येतें.

प्रथम हा दाब म्हणजे काय, तें समजून घेऊं. इंजिनाच्या पोटांत क्रँकशाफ्ट नांवाचा पोलादी दांडा मिनिटास दोन-तीन हजार फेरे फिरतो. ज्या अर्धगोल वाट्यांत तो फिरतो त्यांस बेअरिंग म्हणतात. दांडा व वाटी यांच्यामध्यें केसाहूनहि बारीक फट ठेवलेली असते; ती इंचाच्या एक हजारांश ते तीन हजारांश एवढी, म्हणजे मिलिमीटरचा कांहीं शतांश भाग असते. त्या फटींत तेलाचा पापुद्रा असतो, आणि इंजिन नीट चालत असतांना धातूला धातु लागतच नाहीं. दांडा तेलावर तरंगत असतो.

हें तरंगणें कसें घडतें याचा शोध मोठा मनोरंजक आहे. १८८३ सालीं इंग्लंडांत बीचम टॉवर नांवाचा इंजिनिअर आगगाडीच्या आंसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. त्यानें बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठीं एक भोंक पाडलें. पाहतो तों त्या भोंकांतून तेल आंत जाण्याऐवजीं उलट बाहेर येऊं लागलें. त्यानें बूच मारलें, तें बाहेर फेंकलें गेलें. लांकडी खुंटी ठोकली, तीहि वर सरकली. अखेर तेथें दाबमापक जोडला, तेव्हां त्याचा कांटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्या पलीकडे गेला. वास्तविक बेअरिंगवरील सरासरी भार होता अवघा १०० पौंडांचा. फिरणारा दांडा आपल्या अंगाबरोबर तेल ओढून नेतो, निमुळत्या फटींत त्याची पाचर तयार होते, आणि ती पाचरच सारा भार उचलते. १८८६ सालीं ऑस्बर्न रेनॉल्ड्स यानें या गोष्टीचें गणित मांडलें, आणि आजहि बेअरिंगांची रचना त्याच पायावर होते.

यावरून ध्यानांत येईल कीं, भार उचलणारा दाब आणि फळीवरील कांट्याचा दाब हे एक नव्हेत. पंपाचें काम बेअरिंगांस तेल अखंड पुरविणें व तेथील उष्णता वाहून नेणें एवढेंच आहे. कांटा काय दाखवितो? तर पंपानें ढकललेल्या तेलास वाटेंत किती अडथळा होतो, तें. शेताच्या पाटाचा दाखला घ्या. विहिरीवरचें यंत्र तेंच, पाणीहि तेंच. पण पाटाला जागोजाग भगदाडें पडलीं तर पाण्याची पातळी उतरते आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो. बेअरिंगची फट हें तसेंच भगदाड. आणि येथें निसर्गाचा एक कडक नियम आहे : फटींतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाप्रमाणें वाढते. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाहीं, आठपट होते. म्हणून बेअरिंगें वर्षानुवर्षें हळूहळू झिजतात, तरी दाब मात्र शेवटीं शेवटीं भराभर कोसळतो, आणि मालकास वाटतें कीं बिघाड एका महिन्यांत झाला.

दुसरी बाब उष्णतेची. एस. ए. ई. ३० या प्रतीचें साधें तेल ४० अंश उष्णतेवर जितकें दाट असतें, त्याच्या सुमारें नवव्या हिश्शाइतकेंच तें १०० अंशांवर दाट राहतें. सकाळीं गार इंजिनावर भरपूर दाब दाखविणारी गाडी दुपारीं दीन दिसते, ती यामुळें. जुन्या गाडीची नाडी पाहावयाची ती तिला तीस-चाळीस किलोमीटर चालवून, इंजिन पुरतें तापल्यावर; सकाळच्या कांट्यावर भिस्त ठेवूं नये. पूर्ण तापलेल्या इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांमागें सुमारें दहा पौंड दाब असावा, असा एक ठोकळ नियम मिस्त्री लोक मानतात. तो ठोकळच समजावा. आपल्या गाडीच्या पुस्तकांतील आंकडा हाच खरा.

आतां निदानाकडे वळूं. तेलाचा तांबडा दिवा चालतांना लागला किंवा कांटा एकाएकीं शून्याकडे गेला, तर पहिलें काम एकच : गाडी बाजूस घेऊन इंजिन ताबडतोब बंद करणें. "पुढच्या गांवापर्यंत जाऊं," हा मोह आवरावा. तेलावांचून बेअरिंग जळावयास फार थोडीं मिनिटें पुरतात. दिवा लागतांच थांबलेली गाडी पुष्कळदां किरकोळ खर्चांत सुटते. तशीच पुढें रेटलेल्या गाडीचा क्रँकशाफ्टच कुचकामी होतो, आणि रात्रीं लोहा-अहमदपूरच्या मध्यें मुलांबाळांसह उभें राहण्याचा प्रसंग येतो तो निराळाच.

इंजिन थांबल्यावर पांच-दहा मिनिटांनीं, गाडी सपाट जागीं असतांना, डिपस्टिक काढून पुसावी व पुन्हां घालून पाहावी. पुष्कळ प्रकरणांचा उलगडा येथेंच होतो. तेल कमी असेल तर तें गळतें कोठें किंवा जळतें कां, हा प्रश्न उरतो. धुराड्याचा निळसर धूर जळण्याची साक्ष देतो. तेल पातळीच्या वर असेल तर आनंद मानूं नये. त्याचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल तर जुन्या गाड्यांच्या इंधनपंपाचा पडदा फाटून पेट्रोल तेलांत उतरत आहे, असा संशय धरावा. असें पातळ झालेलें तेल दाब धरीत नाहीं. तेल दुधाळ, चहासारखें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. हेड गॅस्केट तपासल्यावांचून ती गाडी हलवूं नये.

तेल पुरेसें व शुद्ध असूनहि दाब कमी दिसतो, तर इंजिनावर आरोप ठेवण्यापूर्वीं साक्षीदाराची परीक्षा करावी. विजेवर चालणारा गेज व त्याचा इंजिनावरील स्विच या दोन्ही वस्तु वयपरत्वें खोटें बोलूं लागतात. तो स्विच काढून त्याच्या जागीं नळीचा यांत्रिक दाबमापक बसवावा आणि प्रत्यक्ष आंकडा पाहावा. हें काम कोणत्याहि जाणत्या मिस्त्रीकडे अर्ध्या तासाचें आहे. इंजिन खोलण्याचा निर्णय या मापावांचून कोणी सांगितला, तर त्यास नम्रपणें नकार द्यावा. उलटपक्षीं, दिवा लागत नाहीं म्हणजे सारें कुशल, असेंहि समजूं नये. तो दिवा दाब बहुधा सहा-सात पौंडांच्या खालीं गेल्यावरच लागतो; तो आजाराची सूचना देत नाहीं, अरिष्टाची देतो.

खरा आंकडा हातीं आला कीं चार स्थिती लिहून काढाव्या : गार इंजिन मंद गतींत, गार इंजिन वेगांत, तापलेलें इंजिन मंद गतींत, तापलेलें इंजिन वेगांत. या चार आंकड्यांत निदानाचें सार आहे.

गार असतां दाब उत्तम, पण तापल्यावर मंद गतींत अगदीं थोडा, आणि वेग दिला कीं पुन्हां वर येतो, असें आढळलें तर पंप तेल देत आहे, पण तें वाटेंत गळत आहे. कारण एक तर तेल अति पातळ आहे, नाहीं तर इंजिन अति तापत आहे, किंवा बेअरिंगांच्या फटी वाढल्या आहेत. गार व तापलेलें, मंद व वेगवान, अशा चारहि स्थितींत दाब सारखाच अपुरा असेल, तर पंपाचीं चाकें झिजलीं आहेत, किंवा दाब मर्यादेंत ठेवणाऱ्या झडपेखालीं कचरा अडकून ती उघडी राहिली आहे, किंवा तिची स्प्रिंग थकली आहे. कित्येक इंजिनांत ही झडप बाहेरून एक नट काढून साफ करतां येते. आरंभीं दाब बरा, पण वेग वाढवितांच कांटा खालीं येतो किंवा थरथरतो, असें असेल तर इंजिनाच्या तळाशीं, ज्याला मिस्त्री चेंबर म्हणतात तेथें, पंपाच्या तोंडाची जाळी गाळानें बुजलेली असावी, किंवा तेल कमी असल्यामुळें पंप हवा ओढीत असावा. आणि दाब क्षणांत नाहींसा झाला, तर एखादी नळी फुटली किंवा पंपाला फिरविणारा भाग तुटला, असें समजावें.

उदाहरणादाखल समजा, लातुराहून निघालेल्या जीपेचा दाब सकाळीं चाळीस पौंड होता. अहमदपूर मागें टाकून लोह्याच्या बाजारांत ती उभी राहिली तेव्हां मंद गतींत चारच पौंड राहिला. पण पाय दाबतांच पंचवीसपर्यंत चढला. दाबमापक यांत्रिक आहे, तेलाची पातळी ठीक आहे. येथें पंप व जाळी यांजवर संशय घेण्यास जागा थोडी. तेव्हां प्रथम तेलांत पेट्रोल नाहीं ना, रेडिएटर साफ आहे ना, पंख्याचा पट्टा सैल नाहीं ना, हें पाहावें. मग पुस्तकांत सांगितलेल्या प्रतीचें नवें तेल व नवी गाळणी घालून तोच प्रवास पुन्हां करावा. आंकडा सुधारला, तर दोष तेलाचा होता. तो चारच राहिला, तर दोष बेअरिंगांचा आहे. आणि त्याला दुजोरा मिळतो तो आवाजाचा.

इंजिनाचे आवाज ऐकण्याचें शास्त्र वैद्याच्या नळीसारखेंच आहे. लांब पेचकसाचें टोंक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवून त्याची मूठ कानाशीं धरली कीं आवाजाचें उगमस्थान बरेंच कळतें. हें करतांना पदर, उपरणें, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी.

वरच्या झांकणापाशीं येणारी हलकी, शिवणयंत्रासारखी टकटक टॅपेटची असते. तिची गति इंजिनाच्या निम्मी असते, आणि ती बहुधा फट जुळविल्यानें जाते. पुढच्या बाजूस सांखळी खुळखुळल्याचा आवाज येत असेल तर तो टायमिंग चेनचा. गार इंजिनांत येणारा आणि तापतांच विरून जाणारा पोकळ ठोका पिस्टनच्या झिजेचा असतो. तो जुन्या गाडीच्या म्हातारपणाचा खोकला समजावा, त्यावर लगेच शस्त्रक्रिया नको. चढावर वरच्या गिअरमध्यें गाडी ओढतांना कांचेच्या गोट्या खळखळाव्या तसा आवाज येतो, त्याचा तेलाशीं संबंधच नाहीं. तो हलक्या पेट्रोलचा किंवा ठिणगी वेळेपूर्वीं पडत असल्याचा.

भीतिदायक आवाज दोन. पहिला कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोंकाच्या बेअरिंगचा. तो स्पष्ट, कठीण ठोका असतो, आणि वेग देऊन पाय एकदम सोडतांच अधिक उठतो. पेट्रोल इंजिनांत एकेका सिलिंडरची ठिणगी क्षणभर बंद करून पाहिलें असतां, ज्या सिलिंडरच्या वेळीं ठोका मऊ पडतो किंवा नाहींसा होतो, तेथें दोष असतो. ही परीक्षा मिस्त्रीच्याच हातून करवावी, कारण विजेचा झटका जबर बसतो. डिझेल इंजिनाचा स्वाभाविक आवाजच ठोक्यांचा असल्यामुळें तेथें अनुभवी कानाचीच गरज असते. दुसरा आवाज मुख्य बेअरिंगांचा. तो खोल, जड, जमिनींतून आल्यासारखा धमधम आवाज भार पडतांच वाढतो, आणि त्याच्याबरोबर दाब निश्चितपणें उतरलेला असतो. जुनी जीप, १४८९ सी. सी. ची अँबॅसडर आणि पद्मिनी या तिन्ही इंजिनांत क्रँकशाफ्ट तीनच मुख्य बेअरिंगांवर टेकलेला आहे. त्यांतील एक ढिलें झालें तरी साऱ्या दांड्याचा तोल बिघडतो.

ठोका व दाब दोघांनीं एकच साक्ष दिली, तर तेल स्वच्छ भांड्यांत काढून उन्हांत पाहावें, आणि गाळणी कापून तिच्या घड्या उलगडाव्या. चंदेरी भुकटी किंवा तांबूस चकाकी दिसली, तर बेअरिंगचा मुलामा सुटत आहे. आतां चेंबर उतरविण्यास हरकत नाहीं. तो उतरल्यावर जाळी व पंप पाहावे, बेअरिंगांच्या वाट्या पाहाव्या, आणि दांडा मायक्रोमीटरनें मोजवावा. दांडा गोल व गुळगुळीत असेल तर केवळ नव्या वाट्यांनीं काम भागतें. त्यावर चरे पडले असतील किंवा तो अंडाकृति झाला असेल, तर त्याला घासून दहा, वीस किंवा तीस हजारांश बारीक करावा लागतो व त्या मापाच्या वाट्या घालाव्या लागतात. घासलेल्या दांड्यांतील तेलाचीं भोंकें नीट धुतलीं आहेत कीं नाहींत, हें मालकानें स्वतः विचारावें. तेथें राहिलेली सहाणेची बारीक कणी नव्या बेअरिंगांस पहिल्याच दिवशीं कुरतडते.

जाड तेलाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. पुस्तकानें उन्हाळ्यासाठीं अधिक दाट प्रत सांगितली असेल तर ती अवश्य वापरावी. तो औषधाचा भाग आहे. परंतु झिजलेल्या बेअरिंगांवर वाटेल तितकें दाट तेल ओतून कांटा वर आणणें म्हणजे ताप मोजण्याची नळी गार पाण्यांत बुडवून रोगी बरा झाला म्हणण्यासारखें आहे. कांटा चढतो, कारण अडथळा वाढला. पण गार इंजिन सुरू होतांना तें घट्ट तेल दूरच्या बेअरिंगांस उशिरां पोंचतें आणि झीज उलट वाढते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें तर विशेष सावध असावें. विक्रेत्यानें गाडी आधींच तापवून न ठेवतां आपल्यासमक्ष गार असतां सुरू करावी, असा आग्रह धरावा. पहिले कांहीं सेकंद ठोका ऐकावा. मग तासभर चालवून पुन्हां कांटा पाहावा.

शेवटीं प्रश्न येतो तो खर्चाचा. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि पुढें ती पांच पांच वर्षांनीं नवी करून घेतांना गाडीची तपासणी होते. इंजिन बांधावयाचें कीं गाडी निरोपावयाची, हा विचार त्या वेळीं हिशोबानें करावा. सांगाडा गंजलेला, भाग दुर्मिळ, आणि वापर वर्षांतून चार दिवसांचा, अशी स्थिति असेल तर भावनेला आंवर घालणेंच शहाणपणाचें. परंतु सांगाडा भक्कम असून दोष केवळ एका स्विचचा, एका झडपेचा किंवा वाट्यांच्या एका संचाचा असेल, तर चांगली गाडी भंगारांत घालणें हाहि अपव्ययच होय. कोणती स्थिति आपली, हें मापल्यावांचून कळत नाहीं. आणि मापावयास लागणारें साधन फार थोडें आहे.

म्हणून जुन्या गाडीच्या मालकानें एक छोटी वही गाडींतच ठेवावी. तेल व गाळणी कोणत्या तारखेस व किती किलोमीटरवर बदलली, धुळीच्या दिवसांत हवेची गाळणी केव्हां साफ केली, आणि महिन्यांतून एकदां तापलेल्या इंजिनाचा मंद गतींतील दाब किती होता, एवढेंच तींत लिहावें. एकटा आंकडा फारसें कांहीं सांगत नाहीं. परंतु बारा महिन्यांचे बारा आंकडे ओळीनें मांडले कीं उतार कोठें सुरू झाला हें घरांतील शाळकरी मुलासहि दिसेल. तो उतार ठोका ऐकूं येण्याच्या कितीतरी आधीं दिसतो, आणि तेव्हां हातीं वेळ असतो, पैसा वांचतो, आणि दाराशीं उभी असलेली वडिलांच्या हातची गाडी आणखी कांहीं वर्षें आपल्या मुलांनाहि घेऊन रस्त्यावर निघूं शकते.